ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी: किती वॅटचा एसएमपीएस लागतो, याचा माझा हिशेब

फेब्रुवारी २०२४च्या शेवटी एका आर्किटेक्टकडून बंगल्याच्या वॉकथ्रूचं, म्हणजे आतून फिरून बघितल्यासारख्या व्हिडिओचं काम आलं. मी अमरावतीत घरूनच इंटिरिअरचं थ्रीडी काम करते, ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये. एखाद-दुसरं चित्र प्रोसेसरवर रेंडर करून, म्हणजे थ्रीडी मॉडेलचं पक्कं चित्र बनवून, आजवर भागत होतं. वॉकथ्रूला मात्र दर सेकंदाला पंचवीस चित्रं लागतात, आणि माझ्या मशीनवर एका चित्राला वीस-बावीस मिनिटं जात होती. गुणाकार केल्यावर स्पष्टच झालं की ग्राफिक्स कार्ड असल्याशिवाय या कामाला हो म्हणण्यात अर्थ नाही. कार्ड ठरवायला वेळ लागला नाही. ब्लेंडरला मेमरी भरपूर लागते, म्हणून आरटीएक्स ३०६०, १२ जीबीवालं. पंचवीस-सव्वीस हजारांपर्यंत जायची तयारी होती.

अडलं ते पुढच्या प्रश्नावर. कॅबिनेटसोबत आलेला जुना एसएमपीएस, म्हणजे मशीनच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, हे कार्ड ओढेल का? नाही ओढलं तर नवा किती वॅटचा घ्यायचा?

४ मार्चला गावातल्याच एका दुकानात विचारलं. "४५० आहे नं? चालते ताई, काही टेन्शन घेऊ नका. पिन नसेल तर कन्व्हर्टर देतो, दीडशे रुपये." संध्याकाळी नागपूरच्या एका दुकानात फोन केला. तिथले म्हणाले, साडेआठशेच्या खाली घेऊच नका. इंटरनेटवर दोन कॅल्क्युलेटरांत सगळं भरलं, तर दोघांच्या उत्तरांत शंभर वॅटचा फरक. एका बाजूला दीडशे रुपये, दुसऱ्या बाजूला नऊ-दहा हजार, आणि मधे आपण. या जागी बरेच जण अडकतात आणि मग कुणाच्या तरी भरवशावर पैसे टाकतात. गणित तसं सातवी-आठवीचं आहे. फक्त कोणते आकडे घ्यायचे ते माहीत हवं. म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

पहिली पायरी होती जुन्या एसएमपीएसचं लेबल वाचण्याची, आणि तिथेच कागदपत्रं आडवी आली. मशीन ऑक्टोबर २०२२मध्ये असेम्बल करून घेतलं होतं. प्रोसेसर आणि मदरबोर्डची वॉरंटी तीन वर्षांची, आणि कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूवर दुकानाचं सील. सील तुटलं तर वॉरंटी बाद, असं बिलाच्या तळाशी छापलेलं. बिलावर एसएमपीएसची वेगळी ओळसुद्धा नव्हती. 'कॅबिनेट विथ एसएमपीएस' असं एकत्र लिहिलेलं, सीरियल नंबर नाही, वॉरंटी नाही. दुकानदाराला व्हॉट्सॅप केला, उत्तर नाही. मग बिलाचा फोटो जोडून ईमेल केली, की मला ग्राफिक्स कार्ड बसवायचं आहे, सील काढायची लेखी परवानगी द्या. आठवडा उलटून गेल्यावर फोन आला, 'आमचा माणूस येईल, तीनशे रुपये व्हिजिट'. १६ मार्चला, शनिवारी, एक मुलगा आला आणि त्याने सील कापलं. त्याच्याकडून मी बिलाच्या मागे 'सील दुकानातर्फे काढले' असं तारखेसह लिहून घेतलं, वर शिक्काही मारून घेतला. तीनशे रुपये गेले, पण वीस हजारांच्या भागांची वॉरंटी शाबूत राहिली. तुमच्याही कॅबिनेटला सील असेल तर परवानगी फोनवर तोंडी घेऊन थांबू नका.

लेबल कॅबिनेटच्या पत्र्याकडे तोंड करून होतं, म्हणून चार स्क्रू काढून एसएमपीएस जरा पुढे ओढावा लागला. त्याआधी मागची वायर काढून ठेवली होती आणि कॅबिनेटचं पॉवर बटण दोनदा दाबलं होतं, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. एसएमपीएसचा स्वतःचा डबा मात्र कधीच उघडायचा नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही जोरदार झटका बसेल एवढा चार्ज राहू शकतो.

लेबलवर मोठ्या अक्षरांत ४५०. खाली बारीक तक्ता: ३.३ व्होल्टला १४ अँपिअर, ५ व्होल्टला १६, १२ व्होल्टला १८, उणे १२ला ०.३, आणि मशीन बंद असताना चालू राहणारी ५ व्होल्टची लाइन २ अँपिअर. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. सगळं गुणून बेरीज केली: ४६, ८०, २१६, ३.६ आणि १०. झाले साधारण ३५६. म्हणजे डब्यावरचे ४५० त्याच डब्यावरच्या तक्त्यातून निघतच नव्हते.

त्याहून महत्त्वाचा आकडा होता २१६. आजच्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन मोठे खाणारे जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरून घेतात. ३.३ आणि ५ व्होल्टवर उरतं ते किरकोळ. त्यामुळे एसएमपीएस घेताना विचारायचं ते "१२ व्होल्टला किती अँपिअर?" एवढंच. चांगल्या ५५० वॅटच्या डब्यावर तिथे ४५च्या आसपास आकडा दिसतो, म्हणजे जवळपास सगळेच्या सगळे वॅट १२ व्होल्टवर मिळतात. माझ्याकडे होते १८. काही लेबलांवर १२ व्होल्टच्या दोन लाइन दाखवलेल्या असतात, १८ आणि १८ अशा. त्यांची सरळ बेरीज धरू नका. शेजारी किंवा खाली दोन्ही मिळून कमाल किती ते दिलेलं असतं, तोच आकडा खरा.

आता किती लागतं त्याची बाजू. माझा प्रोसेसर आय-५ १२४००. खोक्यावर ६५ वॅट लिहिलेलं असतं, पण ती मूळ वेगाची पातळी. इंटेलच्याच साइटवर याच प्रोसेसरचा कमाल टर्बो, म्हणजे वाढवलेल्या वेगाचा आकडा ११७ वॅट दिलेला आहे. हिशेबात हा मोठा आकडा घ्यायचा. वरच्या प्रोसेसरांत ही दरी आणखी रुंद होते: आय-७ १२७००चे आकडे ६५ आणि १८०. नुसते ६५ वाचून एसएमपीएस घेतला तर तिथे शंभरहून जास्त वॅटचा हिशेब चुकतो.

कार्डाचे १७० वॅट, हा कार्डाची चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने दिलेला आकडा. उरलेल्या भागांची मी मोघम पण सैल हाताने बेरीज केली. मदरबोर्डला तीस, रॅमच्या दोन पट्ट्यांना दहा, एसएसडीला सहा-सात, हार्ड डिस्कला आठ, तीन पंख्यांना सात-आठ. म्हणजे साठ धरून चालायला हरकत नाही. हार्ड डिस्क सुरू होताना क्षणभर वीस-पंचवीस वॅट घेते, पण त्या वेळी ग्राफिक्स कार्ड निवांत असतं, म्हणून तो आकडा वेगळा मिळवायची गरज नाही.

११७ अधिक १७० अधिक ६०. एकूण ३४७ वॅट.

यातले प्रोसेसर आणि कार्ड मिळून २८७ थेट १२ व्होल्टवर येणार, आणि जुन्या डब्याची तिथली ताकद २१६. गावातल्या दुकानदाराच्या दीडशे रुपयांच्या कन्व्हर्टरचा प्रश्न इथेच मिटला. त्या वायरीने हार्ड डिस्कच्या दोन चारपिनी जोडांपासून कार्डाची आठपिनी जोडणी तयार होते. पिन मिळते, पण वीज त्याच बारीक वायरींतून आणि त्याच १८ अँपिअरमधून येणार. एसएमपीएसमध्ये कार्डाची पिन मुळातच दिलेली नसते, तेव्हा बहुतेक वेळा तो अशा कार्डासाठी बनवलेलाच नसतो.

हे सगळे कागदावरचे आकडे. मशीन खरंच किती घेतं हे मला बघायचं होतं. प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर ऑनलाइन हजार-बाराशेला मिळतो. मी तो घेणारच होते, तेवढ्यात बाबा म्हणाले, "मीटर तर बाहेर लागलेलाच आहे."

माझे बाबा वीज मंडळात लाइनमन म्हणून लागले आणि महावितरणमधून निवृत्त झाले. घराच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो, तो बहुतेकांनी पाहिलेला असतो. मीटरच्या तोंडावर त्याचा हिशेबही छापलेला असतो. आमच्या मीटरवर ३२०० आहे, म्हणजे एका युनिटला ३२०० लुकलुका. तुमच्याकडे वेगळा आकडा असू शकतो, आधी तो वाचा. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. भागिले ३२००, एका लुकलुकीला ११२५ ज्यूल. दहा लुकलुका व्हायला किती सेकंद लागले ते मोजायचं आणि ११,२५०ला त्या सेकंदांनी भागायचं. जे येईल ते त्या क्षणी घरात चाललेले वॅट.

१७ मार्चच्या सकाळी घरातलं एकूणएक बंद केलं. फ्रिज, राउटर, इन्व्हर्टरचं चार्जिंग, देवघरातला छोटा बल्बसुद्धा. दिवा लुकलुकायचा थांबला याची बाबांनी खात्री केली. मग फक्त मशीन आणि मॉनिटर लावला. मी आत ब्लेंडरमध्ये रेंडर सुरू केलं, पंखे जोरात फिरायला लागले, प्रोसेसर स्थिरावायला दोन मिनिटं दिली आणि हाक मारली. बाबा पोर्चमध्ये फोनचं स्टॉपवॉच घेऊन उभे. एक लुकलुक झाली की तिला शून्य म्हणायचं आणि तिथून दहा मोजायच्या, असं त्यांनी मला बजावलं होतं. पहिलीला एक म्हटलं तर उत्तर अकरा टक्क्यांनी चुकतं. दहावीला ६१ सेकंद झाले. १८४ वॅट. पुन्हा मोजलं, ६२. मॉनिटरचे पंचवीस वजा केले तर मशीनचे साधारण १६०.

आता हे भिंतीतून घेतलेले वॅट आहेत. एसएमपीएस घेतलेल्या विजेतला काही भाग उष्णतेत घालवतो. स्वस्तातल्या डब्याची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर मशीनच्या भागांपर्यंत १२८ वॅट पोचत होते. एसएमपीएसवर छापलेला आकडा हा असा आत पोचवायचा आकडा असतो, भिंतीतून ओढायचा नव्हे. वॅटमीटरवर ४०० दिसले म्हणून ४००चा एसएमपीएस अपुरा असा अर्थ लावू नका, आधी कार्यक्षमतेने गुणा. माझ्या कागदी हिशेबात कार्ड सोडून १७७ धरले होते, प्रत्यक्षात १२८ निघाले. कागद सढळ हाताचा आहे, कंजूस नाही, एवढं मला हवं होतं.

आणखी एक शंका आईची होती. जास्त वॅटचा, समजा साडेपाचशेचा डबा लावला तर बिल वाढेल का? ही शंका अनेकांना असते, म्हणून सांगते: वाढत नाही. ५५० ही त्याची पोचवण्याची कमाल मर्यादा. मशीन शंभर मागत असेल तर तो शंभर आणि वर थोडी गळती एवढंच घेतो. बिल वाढतं ते कार्ड चालल्यामुळे, आणि तेसुद्धा चालेल तेवढा वेळच.

मग ३४७वर किती वाढवायचं? एनव्हिडिया या कार्डासाठी ५५० वॅट सुचवते. हा आकडा आधी मला फुगवलेला वाटत होता. नंतर कारणं कळली. तुमच्याकडे कोणता प्रोसेसर आहे, डबा कोणत्या दर्जाचा आहे, हे कंपनीला माहीत नसतं, म्हणून ती सगळ्यांसाठी पुरेल असं सांगते. आणि दुसरं म्हणजे कार्डाची क्षणिक उसळी. १७० ही सरासरी, पण सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतं कार्ड त्याहून बरंच जास्त ओढतं. वॅटमीटरला किंवा बाबांच्या दिव्याला हे दिसत नाही, एसएमपीएसच्या संरक्षण सर्किटला दिसतं, आणि मशीन काही न सांगता बंद पडतं. ही अडचण मोठ्या कार्डांत इतकी वाढली की इंटेलने २०२२मध्ये आणलेल्या एटीएक्स ३.० या मानकात त्यासाठी खास अट घातली. नवा सोळापिनी जोड असलेल्या, ४५०हून जास्त वॅटच्या एसएमपीएसने सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापुरती आपल्या क्षमतेच्या दुप्पट उसळी झेलली पाहिजे. माझं कार्ड लहान, त्याला जुनीच आठपिनी जोडणी, त्यामुळे तो नवा जोड मला नको होता. पण उसळीसाठी जागा सोडायची हे पक्कं झालं.

तिसरं कारण आमच्या हवेचं. एसएमपीएसचे वॅट एका ठरावीक तापमानाला मोजलेले असतात. कुणाचे ४० अंशांना, कुणाचे ५०. तापमान त्याच्या वर गेलं की तेवढे वॅट मिळतीलच असं नाही. पुण्या-नाशकातल्या माणसाला हा मुद्दा बारीक वाटेल. अमरावतीत मे महिन्यात बाहेर ४५च्या आसपास असतं, आणि कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त. मी ५० अंशांना मोजलेलाच घ्यायचा ठरवला. हा आकडा खोक्यावर क्वचित असतो, कंपनीच्या साइटवरच्या माहितीपत्रकात मिळतो.

३४७ला ५५०ने भागलं तर ६३ टक्के. म्हणजे सगळं एकाच वेळी पूर्ण ताकदीने चाललं तरी एक-तृतीयांशाहून जास्त जागा शिल्लक. साडेआठशेची गरज नव्हती. ते पैसे फुकट जातात एवढंच, नुकसान काही होत नाही. पण त्याच किमतीत साडेआठशेचा सुमार डबा आणि साडेपाचशेचा चांगला डबा समोर असतील, तर डोळे झाकून साडेपाचशेचा घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

चांगला कसा ओळखायचा? ८० प्लसचा बिल्ला बघतात सगळे. तो बघावाच, पण तो नेमकं काय सांगतो ते समजून घ्यावं. त्याच्या अगदी मूळ पातळीची अट एवढीच, की २०, ५० आणि १०० टक्के भारावर कार्यक्षमता किमान ८० टक्के असावी. ब्राँझ, गोल्ड या त्याच्या वरच्या पायऱ्या. ते विजेची गळती किती हे सांगतात. व्होल्टेज किती स्थिर राहतं, संरक्षण सर्किटं काम करतात का, आतला माल किती टिकेल, हे बिल्ल्यावरून कळत नाही. त्यासाठी मी तीन गोष्टी पाहिल्या. १२ व्होल्टचे अँपिअर, वॉरंटीची वर्षं, आणि त्याच मॉडेलची उघडून केलेली चाचणी इंटरनेटवर आहे का. एकाच कंपनीची एक मालिका उत्तम आणि दुसरी बेताची असते, म्हणून नुसतं कंपनीचं नाव पुरत नाही, मॉडेल नंबर अक्षराला अक्षर जुळवावा लागतो.

याच सुमारास एक खर्च समोर आला, जो कुठल्याच कॅल्क्युलेटरने विचारला नव्हता. यूपीएस. माझ्याकडे ६०० व्हीएचा होता. त्याच्या मागे बारीक अक्षरांत ३६० वॅट लिहिलेलं आहे. यूपीएसचा मोठा आकडा व्हीएमध्ये, म्हणजे व्होल्ट-अँपिअरमध्ये असतो, वॅट त्याहून कमी. माझे ३४७ भिंतीपाशी आणले तर चारशेच्या वर जाणार, वर मॉनिटरचे २५. लाइट गेल्याबरोबर हा यूपीएस ओरडून बंद पडला असता, आणि रात्रभराचं रेंडर मधेच तुटलं असतं. म्हणजे ११०० व्हीएचा, ६६० वॅटवाला यूपीएसही आला. कार्ड घेणाऱ्यांनी हे आधीच बजेटमध्ये धरावं. आमच्याकडे उन्हाळ्यात लाइट जातातच.

गुढीपाडवा ९ एप्रिलला होता. पाडव्याच्या ऑफर तीन-चार दिवस चालतात, म्हणून १२ तारखेला बडनेऱ्याहून गाडीने नागपूर गाठलं आणि सीताबर्डीत फिरले. ठरवलेलं मॉडेल पहिल्या दोन दुकानांत नव्हतं. दोन्हीकडे "त्याच्यासारखंच" म्हणून दुसरं पुढे केलं गेलं, आणि दोन्ही वेळा मी खोक्याच्या बाजूचा तक्ता वाचला. एकावर १२ व्होल्टला ३०च अँपिअर होते, म्हणजे साडेपाचशेच्या खोक्यात ३६०. पुढच्या एका दुकानात हवा तो मिळाला. ४५.५ अँपिअर, ब्राँझ, पाच वर्षं वॉरंटी, ४,१५० रुपये जीएसटी धरून. बिलावर मॉडेल आणि सीरियल नंबर दोन्ही लिहून घेतले आणि माझा जीएसटी नंबर टाकून घेतला. तुमचा व्यवसाय नोंदणीकृत असेल तर हा कर परत जमा मिळतो. पण नंबर बिल करतानाच सांगावा लागतो, नंतर बिल बदलून द्यायला दुकानदार कुरकुरतात. यूपीएस तिथेच ५,९०० ला घेतला. जड असल्याने तो ट्रान्सपोर्टने पाठवला, १८० रुपये.

कार्ड मात्र संपलेलं. आठवडाभरात येईल म्हणाले. १९ एप्रिलला नागपुरात लोकसभेचं मतदान, त्या दिवशी बाजार बंद. माल पुढे सरकला आणि कार्ड २३ला कुरिअरने घरी आलं. तोवर एसएमपीएस खोक्यातच होता. तो काळ चिडचिडीचा गेला. आर्किटेक्टचे रोज फोन, आणि मी रोज "या आठवड्यात" म्हणणारी. त्या दिवसांत मी आधी अर्धवट वाचलेली माहितीपुस्तिका नीट वाचून काढली, आणि त्याचा बसवताना उपयोग झाला. कुरिअरचं खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढला. सव्वीस हजारांच्या वस्तूसाठी एवढं करावंच.

२६ला आमच्याकडचं मतदान उरकलं आणि २८ एप्रिलच्या रविवारी जोडणीला बसलो.

बाबांनी आधी मशीनला हात लावू दिला नाही. मल्टिमीटरने प्लग तपासला. फेज-न्यूट्रल २३४ व्होल्ट, फेज-अर्थिंग २३३, न्यूट्रल-अर्थिंग एकाच्या आसपास. बेडरूमच्या जुन्या बोर्डावर हाच शेवटचा आकडा २० दाखवत होता, म्हणजे तिथली अर्थिंग सुटलेली. अशा बोर्डावर लावलेल्या कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात. लोक एसएमपीएसला दोष देतात आणि बदलूनही आणतात. तुमच्या कॅबिनेटला मुंग्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

जुना डबा काढला, नवा बसवला. मोठा चोवीसपिनी जोड मदरबोर्डला. त्यानंतरचे दोन जोड सारखे दिसतात आणि तिथे लक्ष हवं. प्रोसेसरचा आठपिनी जोड चार अधिक चार असा फुटतो, कार्डाचा सहा अधिक दोन असा. दोन्हींत १२ व्होल्टच्या पिना उलट बाजूंना असतात. खाचांचे आकार वेगळे असल्याने एक दुसऱ्यात सहज जात नाही. जात नसेल तर जोर लावायचा नाही, वायरीवर छापलेलं नाव वाचायचं. माझ्या कार्डाला एक आठपिनी जोड लागला. त्यातून १५० वॅट आणि मदरबोर्डच्या खाचेतून ७५, म्हणजे २२५पर्यंत सोय, आणि कार्डाला हवेत १७०. वायरी सुट्या होणारा एसएमपीएस घेतला असेल तर आणखी एक सांगते. जुन्या डब्याच्या वायरी नव्याला कधीही लावू नका, एकाच कंपनीच्या असल्या तरी. डब्याकडच्या टोकाच्या पिनांचा क्रम कुठल्याही मानकात बांधलेला नाही. वायर बसते, मशीन सुरू होतं, आणि हार्ड डिस्क जळते.

दुपारी दीडला मशीन सुरू झालं. मी ब्लेंडरमध्ये प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही निवडून सगळ्यात जड सीन रेंडरला लावला. बाबांनी एसएमपीएसच्या रिकाम्या चारपिनी जोडात मल्टिमीटर धरला, १२ व्होल्टची पिन आणि शेजारची ग्राउंड. चालेल अशी मर्यादा पाच टक्के इकडे-तिकडे, म्हणजे ११.४० ते १२.६०. आकडा १२.०९वरून १२.०४वर आला आणि तिथेच थांबला. अर्धा तास झाला तरी १२.०४. सॉफ्टवेअरमध्येही हा आकडा दिसतो, पण तो मदरबोर्डच्या सेन्सरचा असतो आणि कधीकधी भलताच निघतो, म्हणून मल्टिमीटर.

मग पुन्हा पोर्चमध्ये. घर बंद, मशीन चालू. दहा लुकलुका ३० सेकंदांत. ३७५ वॅट, मॉनिटर धरून. मॉनिटर वजा करून आणि ८६ टक्के कार्यक्षमता धरून आत पोचणारे ३०१. कागदावरच्या ३४७च्या आतच. नुसत्या कार्डावर रेंडर केलं तर दहा लुकलुकांना ३८ सेकंद, म्हणजे ३००च्या खाली. रोजचं काम मी आता असंच करते. प्रोसेसर सोबत घेऊन वेळ फार वाचत नाही आणि खोली मात्र तापते. चित्राला पूर्वी वीस-बावीस मिनिटं लागायची, आता तीनच्या आत होतं. यूपीएसचीही परीक्षा घेतली, रेंडर चालू असताना मेन स्विच खाली केला. मशीन चालू राहिलं आणि फाइल सेव्ह करून बंद करायला पाच-सहा मिनिटं मिळाली.

एकूण खर्च: एसएमपीएस ४,१५०, यूपीएस ५,९०० अधिक १८०, कार्ड २५,८००, सील काढायचे ३००, नागपूरचं जाणं-येणं वेगळं. एसएमपीएस आणि कार्ड दोन्हींची वॉरंटी ऑनलाइन नोंदवली, त्यासाठी सीरियल नंबर आणि बिलाचा फोटो लागतो. दुकानाचं बिल थर्मल कागदावरचं (उष्णतेने छापलं जाणारं) असेल तर त्याच दिवशी झेरॉक्स काढा. वर्षभरात अक्षरं उडतात आणि पाच वर्षांची वॉरंटी दाखवायला कोरा कागद उरतो.

वॉकथ्रू मे महिन्यात, भर उन्हाळ्यात रेंडर झाला, रात्रीमागून रात्री मशीन चालू ठेवून. एकदाही बंद पडलं नाही.

परवा यवतमाळहून मावसभावाचा फोन आला. त्याच्या मुलीसाठी कॉलेजच्या अभ्यासाचं मशीन, प्रोसेसर हाच, ग्राफिक्स कार्ड नाही, आणि दुकानदार साडेसहाशेचा एसएमपीएस लावतो म्हणतो. ११७ अधिक ६०, पावणेदोनशे. त्याला सांगितलं, नावाजलेल्या कंपनीचा ४५०चा घे, लेबलवर १२ व्होल्टला ३० अँपिअरच्या वर आहेत का बघ, आणि वाचलेल्या पैशांत रॅमची आणखी एक पट्टी टाकून घे. लेबलचा फोटो त्याने संध्याकाळी पाठवला. ३६ अँपिअर होते. घे म्हटलं.